कर्ज विभागातला डेटाबेस: बेळगाव सीमाभागातल्या नव्या प्रोग्रामरसाठी

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या पट्ट्यातून दर वर्षी इंजिनिअरिंग, बीसीए, एमसीए करून मुलं-मुली बाहेर पडतात. बहुतेकांच्या डोक्यात पुणे, नाहीतर बेंगळुरू. जावं की, कुणी अडवलंय? पण ज्यांचा पाय घरच्या शेतीमुळे, आईवडिलांमुळे किंवा नुसत्या बेळगावच्या हवेमुळे निघत नाही, त्यांच्यासाठी इथेच एक काम आहे आणि त्याची जाहिरात फारशी होत नाही. बँकेच्या कर्ज विभागासाठी डेटाबेस सांभाळायचा, क्वेरी लिहायच्या, रिपोर्ट काढायचे, व्याजाचे आणि थकबाकीचे आकडे जुळवायचे. मोबाइल ॲप बनवण्याइतकं ते चकचकीत नाही. मात्र यात मुरलेला माणूस सहजासहजी मिळत नाही, आणि मिळाला तर त्याला सहजासहजी कुणी सोडत नाही.

एसक्यूएल तुम्हाला येतं असं धरून चालतो. जॉइन, ग्रुप बाय, सबक्वेरी कॉलेजात झालेलं असतं. कॉलेजात कर्ज शिकवत नाहीत, म्हणून हा लेख कर्जाच्या बाजूने लिहिला आहे.

पायरी १: कुठल्या दारातून आत जायचं

राष्ट्रीयीकृत बँकेच्या बेळगावातल्या शाखेत बसून डेटाबेसला हात लावायला मिळेल, ही आशा सोडा. त्यांचा सर्व्हर मुंबईत, बेंगळुरूत किंवा आणखी कुठे असतो, आणि शाखेला फक्त पडदा दिसतो. ग्रामीण बँकेचंही तेच. धारवाडची कर्नाटक विकास ग्रामीण बँक १ मे २०२५ ला दुसऱ्या ग्रामीण बँकेत मिसळून बळ्ळारीला मुख्यालय असलेली एकच बँक झाली, तेव्हापासून तर केंद्र आणखी लांब गेलं.

खरी संधी नागरी सहकारी बँकांत, जिल्हा मध्यवर्ती बँकेत, आणि या बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्यांत. तिथे आयटी विभाग म्हणजे चार-पाच माणसं. त्यामुळे पहिल्या महिन्यापासून खरा डेटा समोर येतो. सौहार्द संस्था आणि पतसंस्थांतही काम मिळतं, पण एक फरक ध्यानात ठेवा. १९९७ च्या सौहार्द कायद्याखालची संस्था ही बँक नव्हे. रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं तिला थेट लागू होत नाहीत, सहकार खात्याचे नियम लागतात. म्हणजे तीच थकबाकी, पण रिपोर्टचा साचा वेगळा. गावच्या विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना केंद्राने २०२२ मध्ये मंजूर केली, देशभरातल्या ६३,००० सोसायट्यांसाठी. जुन्या वहीतली येणे-बाकी नव्या टेबलात बसवायची म्हटलं की नोंदी भरणाऱ्या माणसाइतकीच डेटा समजणाऱ्या माणसाची गरज पडते.

पायरी २: क्वेरीच्या आधी फाइल वाचा

पहिल्या दिवशी स्कीमा उघडून बसू नका. कर्ज विभागातल्या एखाद्या जुन्या क्लार्कबाईंकडे किंवा अधिकाऱ्यांकडे जा आणि बंद झालेल्या एका कर्जाची फाइल मागा. अर्जापासून ‘काही येणे नाही’ या दाखल्यापर्यंत पान पान बघा. अर्ज कधी आला, मंजुरी कुणी दिली, वाटप एका रकमेत की टप्प्याने, तारण काय, जामीनदार कोण, बोजा कधी चढला, हप्ते कधी आले, किती चुकले, बोजा कधी उतरला. मग त्याच कर्जाचा खाते क्रमांक घेऊन डेटाबेसमध्ये तो प्रवास शोधा. कागदावरच्या प्रत्येक तारखेला टेबलात एक रकाना सापडला पाहिजे. जिला सापडत नाही ती तारीख कुठेतरी शेरा म्हणून पडलेली असते, आणि पुढे तीच तुमचा घाम काढते.

हे दोन-तीन प्रकारच्या फाइलींवर करा: एक घरकर्ज, एक सोनेतारण, एक पीककर्ज. कंपनीने दिलेल्या कागदपत्रांतून आठवडाभरात समजणार नाही तेवढं यातून समजतं. त्याच वेळी विभागातले शब्द कानावर पडू द्या. इथे माणसं ‘डिसबर्समेंट’ क्वचितच म्हणतात, ‘वाटप’ म्हणतात, आणि कॅश क्रेडिटातून (ठरलेल्या मर्यादेत लागेल तसे पैसे काढायचं खातं) काढलेल्या पैशाला ‘उचल’. फोनवर शाखेतून कुणी विचारलं, “काय ओ सर, त्या पाटलांची उचल लिमिटच्या वर कशी दिसायलीय?” तर कुठलं टेबल बघायचं हे क्षणात सुचलं पाहिजे.

पायरी ३: तारखा

कर्जात रकमेवरून जेवढे वाद होतात त्याहून जास्त तारखांवरून होतात. एकाच हप्त्याला देय तारीख असते, पैसे खरोखर आले ती तारीख असते, सिस्टीममध्ये नोंद झाली ती असते, आणि व्याजासाठी धरायची तारीख असते. साखर कारखान्याने ऊस बिलातून कपात करून पैसे महिनाअखेरीस पाठवले, बँकेने यादी जुळवून पुढच्या आठवड्यात खात्यात टाकले, तर व्याज कुठल्या दिवसापर्यंत लावायचं? शेतकऱ्याचं म्हणणं एक, डीफॉल्ट सिस्टीम डेटचं दुसरं. या चारी तारखांसाठी चार स्वतंत्र रकाने हवेत, आणि रिपोर्ट लिहिताना कुठली वापरली ते वरच्या ओळीत लिहून ठेवायचं.

आता एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. नव्वद दिवस थकलं की एनपीए, हे सगळ्यांना पाठ असतं. मोजायचं कसं ते मात्र नसतं. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात उदाहरण देऊनच सांगितलं. ३१ मार्चचा हप्ता त्या दिवसाच्या डे-एंडपर्यंत (सिस्टीम दिवसाचा हिशेब बंद करते तोवर) आला नाही, तर थकबाकीची तारीख ३१ मार्च. ३० एप्रिलच्या डे-एंडला खातं एसएमए-१ (एसएमए म्हणजे एनपीएआधीच्या इशाऱ्याच्या पायऱ्या), ३० मेच्या डे-एंडला एसएमए-२, आणि २९ जूनच्या डे-एंडला एनपीए. कॅलेंडरचे दिवस मोजायचे, महिने नव्हे.

नवा मुलगा काय करतो? देय तारखेत तीन महिने मिळवणारं फंक्शन वापरतो. एक ऑक्टोबरचा हप्ता घ्या. नव्वद दिवसांनी ३० डिसेंबर येतो, तीन महिन्यांनी १ जानेवारी. दोन दिवसांचा फरक, पण खातं डिसेंबर तिमाहीच्या एनपीएतून गायब होऊन मार्च तिमाहीत उगवतं. ताळेबंदावर त्याचा परिणाम होतो आणि तपासणीला आलेला अधिकारी नेमकं तेच खातं उघडतो.

याच विषयातले आणखी तीन नियम पाठच करून टाका. दिवस मोजायचे ते सगळ्यात जुन्या न भरलेल्या रकमेपासून. मधे एखादा हप्ता आला म्हणून मीटर शून्यावर येत नाही. वर्गवारी कर्जदाराची होते, खात्याची नव्हे. एकाच माणसाचं वाहनकर्ज एनपीए झालं तर त्याचं नियमित चाललेलं दुसरं कर्जही त्याच्याबरोबर जातं, म्हणून ग्राहक क्रमांक एकच असणं फार गरजेचं आहे. आणि एनपीए खातं परत नियमित व्हायचं तर मुद्दल-व्याजाची सगळी थकबाकी भरावी लागते, निम्म्यावर भागत नाही.

कुणी मॅनेजर येऊन म्हणतील, “एवढं एक खातं जरा स्टँडर्ड करून टाका, उद्या पैसे येणारच आहेत.” सप्टेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांना ही वर्गवारी सिस्टीममधूनच, हात न लावता करायला सांगितली, त्याचं कारण हेच. नम्रपणे लेखी विनंती मागा. लेखी बहुधा येत नाही.

पायरी ४: पैसे आणि व्याज

रकमेसाठी फ्लोट वापरायचा नाही. डेसिमल, किंवा ऑरॅकलमध्ये दशांश ठरवलेला नंबर. यावर चर्चा नको.

मासिक हप्ता स्वतः हाताने एकदा काढा. एक लाख रुपये, १२ टक्के, १२ महिने: हप्ता ८,८८४.८८ येतो. बँक तो ८,८८५ करते. पहिल्या हप्त्यात व्याज १,००० आणि मुद्दल ७,८८५. असं बारा वेळा गेलात तर शेवटचा हप्ता दीड रुपयाने कमी निघायला हवा. तुमच्या वेळापत्रकात बारावा हप्ताही ८,८८५ च असेल, तर खातं बंद होताना दीड रुपया जमा बाजूला लटकत राहील. हजारो खाती अशी लटकली की दर महिन्याला कुणीतरी तुम्हाला फोन करणार. दिवसावारी व्याज काढणाऱ्या खात्यांत लीप वर्षात ३६५ ने भागायचं की ३६६ ने, हे बँकेच्या धोरणात बघा. स्वतःच्या मनाने ठरवू नका.

व्याजदर, मर्यादा, टक्केवारी यांतलं काहीही प्रोसिजरच्या आत लिहून ठेवू नका. प्रत्येक नियमाला टेबलात ‘या तारखेपासून’ आणि ‘या तारखेपर्यंत’ असे दोन रकाने द्या. सोनेतारणाचं बघा. आपल्याकडे पेरणीला, लग्नाला, दवाखान्याला हेच कर्ज आधी आठवतं. वर्षानुवर्षं सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्के ही मर्यादा होती, आणि जुन्या प्रोसिजरमध्ये ०.७५ हा आकडा ठिकठिकाणी पेरलेला सापडेल. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या नव्या निर्देशांनी घरगुती गरजेच्या कर्जाला अडीच लाखांपर्यंत ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८० आणि त्यापुढे ७५ असे टप्पे केले, आणि अंमलासाठी १ एप्रिल २०२६ पर्यंत मुदत दिली. शिवाय मुदतीअखेर एकरकमी फेडायचं कर्ज असेल तर ही टक्केवारी आज दिलेल्या रकमेवर नाही, शेवटी येणाऱ्या एकूण रकमेवर मोजायची. ज्यांच्याकडे नियमाचं टेबल तयार आहे त्यांना चार ओळी घालाव्या लागतात. बाकीचे अजून ०.७५ शोधत आहेत.

दंडव्याजाचंही तसंच झालं. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दंड हा शुल्क म्हणून घ्यायचा, व्याजदरात मिसळायचा नाही आणि त्यावर पुन्हा व्याज चढवायचं नाही, असं ठरलं. नव्या कर्जांना १ एप्रिल २०२४ पासून. म्हणजे येणे-बाकीच्या एका आकड्यात दंड दडवून चालणार नाही. मुद्दल, व्याज, दंड, इतर खर्च, प्रत्येकाचा रकाना वेगळा, आणि व्याज काढणाऱ्या प्रोसिजरने दंडाच्या रकान्याकडे बघायचंसुद्धा नाही.

पायरी ५: पीककर्ज, म्हणजे आपल्या भागाचं खरं काम

इथे जरा थांबू, कारण पुण्या-मुंबईत शिकून आलेला हुशार प्रोग्रामरही इथेच अडखळतो.

पहिली गोष्ट, क्षेत्र. कर्नाटकातल्या पहाणी उताऱ्यावर क्षेत्र एकर-गुंठ्यात असतं, चाळीस गुंठ्यांचा एकर, गुंठ्याचे सोळा आणे. पलीकडे महाराष्ट्रात सातबाऱ्यावर हेक्टर-आर. निपाणीच्या शेतकऱ्याची दोन एकर इकडे आणि थोडी कागल तालुक्यात, हे आपल्याकडे नवल नाही. आता कुणीतरी ‘क्षेत्र’ नावाचा एकच दशांश रकाना केलेला असतो आणि शाखेतला क्लार्क २ एकर २० गुंठे हे २.२० असं भरतो. डेटाबेस त्याला सव्वादोनाच्याही आत समजतो. खरं क्षेत्र अडीच एकर. समजा पिकाचा एकरी कर्जदर ६०,००० धरला, तर पीकखर्च १,५०,००० निघायला हवा तिथे १,३२,००० निघतो. किसान क्रेडिट कार्डात त्यावर घरखर्चाचे १० टक्के आणि देखभालीचे २० टक्के चढतात, तेव्हा पहिल्याच वर्षाची मर्यादा १,९५,००० ऐवजी १,७१,६०० होते. शेतकऱ्याचे २३,४०० गेले, आणि एररचा संदेश कुठेच नाही. उलटही होतं: १ एकर ५ गुंठे कुणी १.५ असं भरलं की आठव्या भागाचा अर्धा एकर होतो.

बेरीज तर बघूच नका. १.३० आणि १.३० मिळून २.६० दाखवणारा रिपोर्ट अजून कुठेतरी छापला जात असेल. खरं उत्तर साडेतीन एकर.

उपाय सोपा आहे. एकर, गुंठे, आणे यांचे वेगळे रकाने. गुंठ्यांवर ‘चाळीसपेक्षा कमी’ अशी चेक कन्स्ट्रेंट. हेक्टर-आरसाठी वेगळे रकाने. आणि हिशेबासाठी एक गणिती रकाना चौरस मीटरमध्ये, एक गुंठा म्हणजे १०१.१७. उतारा कुठल्या राज्याचा आहे तेही लिहा. जुना डेटा दुरुस्त करायचा असेल तर दशांशानंतर ४० किंवा त्याहून मोठा आकडा असलेली खाती आधी काढा. ते दोन अंक गुंठे असूच शकत नाहीत. उरलेली उतारा बघूनच ठरतील, त्याला आडवाट नाही.

दुसरी गोष्ट, जमिनीची ओळख. कर्नाटकच्या भूमी या जमीन-नोंदींच्या पोर्टलवर सर्व्हे नंबर, सर्नॉक आणि हिस्सा नंबर असे तीन तुकडे असतात, पलीकडे गट नंबर. हे सगळं टेक्स्ट म्हणून ठेवा. शाखांकडून एक्सेलमध्ये यादी मागवलीत तर सर्व्हे नंबर १२/३ उघडल्या उघडल्या बारा मार्च किंवा तीन डिसेंबर होऊन बसतो, आणि सेव्ह केल्यावर मूळ आकडा परत मिळत नाही. यादीचा साचा तुम्हीच बनवून पाठवा, रकाना आधीच टेक्स्ट करून. शेतकऱ्याचा फ्रूट्स या कर्नाटकच्या शेतकरी नोंदणी प्रणालीतला एफआयडी क्रमांकही स्वतंत्र रकान्यात घ्या. इकडच्या जमिनीवर बोजा चढवताना तो लागतो. पलीकडच्या जमिनीला तो नसणार, म्हणून रकाना सक्तीचा करू नका.

तिसरी गोष्ट हंगाम. पीककर्जाला नव्वद दिवसांचा नियम नाही. कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की एनपीए, दीर्घ मुदतीच्या पिकाचं एक हंगाम. दीर्घ म्हणजे वर्षाहून मोठा हंगाम, आणि कुठल्या पिकाचा हंगाम किती हे त्या त्या राज्याची बँकर्स समिती ठरवते. म्हणजे हंगामाच्या टेबलात पीक आणि राज्य अशी जोडी हवी. नुसतं ‘ऊस’ लिहूनही भागत नाही. आडसाली सोळा-अठरा महिने रानात उभी असते, सुरू बारा महिन्यांत निघतो, खोडवा त्याआधी. शेतकऱ्याला विचारलंत तर तो लागणीची तारीख अचूक सांगतो. फॉर्ममध्ये ती विचारलेली नसते, एवढंच.

चौथी, व्याज सवलत. कर्नाटकात सहकारी सोसायट्यांतून मिळणारं अल्पमुदतीचं पीककर्ज वेळेत फेडलं तर शेतकऱ्याला बिनव्याजी पडतं, आणि २०२३ मध्ये त्याची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाखांवर नेली गेली. नवीन माणूस हे ऐकून व्याजदराच्या रकान्यात शून्य टाकतो. अहो, व्याज आहे, फक्त ते दुसरा भरतो. बँकेचं व्याज नेहमीप्रमाणे निघतं, त्यातला सरकारकडून यायचा वाटा वेगळ्या रकान्यात जमतो, त्याचा दावा दाखल होतो, पैसे सावकाश येतात. मुदत चुकली तर तो वाटा शेतकऱ्याच्या अंगावर पडतो. शून्य टाकून बसलात तर दावा कशाच्या आधारावर करणार?

आणि ऊस बिल. संकेश्वरचा हिरण्यकेशी असो, निपाणीचा हालसिद्धनाथ असो, नाहीतर नदीपलीकडचा एखादा कारखाना, ऊस कुठेही जाऊ शकतो आणि कपातीची यादी तिथून येते. यादीत नाव, गाव, रक्कम. एका गावात ‘मारुती पाटील’ पाच सापडतात. नावावर जॉइन लावून रक्कम जमा करणं म्हणजे भांडण विकत घेणं. कारखान्याचा सभासद क्रमांक आणि बँकेचा खाते क्रमांक यांची जोड देणारं टेबल एकदा मेहनतीने बनवा, आणि जुळत नाहीत त्या ओळी सस्पेन्समध्ये (उलगडा होईपर्यंतच्या तात्पुरत्या खात्यात) टाकून शाखेकडे परत पाठवा.

पायरी ६: नावं, गावं आणि लिप्या

पॅन इंग्रजीत, पहाणी कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत. माणूस एकच. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगचे तीन प्रकार सहज निघतात. म्हणून माणूस ओळखायचा तो क्रमांकाने, नाव फक्त छापायला. तिन्ही लिप्यांतलं नाव तीन रकान्यांत ठेवा, एकावरून दुसरं मशीनने बनवू नका. न्यायालयात जाणाऱ्या नोटिशीवर कागदावरचंच नाव लागतं.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरी आणि कन्नड अक्षरचिन्हाला प्रत्येकी तीन बाइट लागतात. ‘लक्ष्मण’ दिसायला तीन अक्षरी, पण आत सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट. ऑरॅकलमध्ये व्हारचार-टू ३० असं लिहिलंत तर मूळ सेटिंगनुसार ते ३० बाइट असतात, आणि पूर्ण नाव त्यात मावत नाही. लांबी लिहिताना पुढे ‘चार’ हा शब्द घाला. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एनव्हारचार वापरा, आणि क्वेरीत मराठी शब्दाआधी ‘एन’ विसरलात तर प्रश्नचिन्हांची रांग मिळते. मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ-८-एमबी-४. जुना डेटा श्रीलिपी किंवा नुडीसारख्या फाँटच्या पद्धतीने भरलेला असेल तर तो युनिकोड नव्हेच. आधी कन्व्हर्टरमधून काढा, मग जोडाक्षरं डोळ्याने तपासा.

गावांसाठी सरकारच्या एलजीडी, म्हणजे लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतले कोड घ्या. जिल्ह्याचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, निपाणी आणि कागवाड पुढे स्वतंत्र तालुके झाले. जुन्या खात्यांत निपाणीकर ‘ता. चिकोडी’ आणि कागवाडकर ‘ता. अथणी’ म्हणून पडलेले आहेत. पत्ता जुना राहू द्या, कोड नवा लावा, आणि तालुकावार रिपोर्ट कोडवर काढा.

कन्नड वाचायला शिका, हे मराठी माणूस म्हणून सांगतोय. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे आणि तो तिथे चालेल. पहाणीवरचा हिस्सा नंबर मात्र आज दुपारी वाचायचा असतो, आणि शेजारच्या टेबलावरचे हिरेमठ सर दर वेळी मोकळे नसतात.

पायरी ७: चालू डेटाबेसला हात लावण्याआधी

हे थोडक्यात, कारण यात मतभेदाला जागा नाही. अपडेट किंवा डिलीट लिहिण्याआधी तीच व्हेअर अट घालून सिलेक्ट चालवा, किती ओळी येतात ते लिहून ठेवा. ट्रान्झॅक्शन उघडा, बदल करा, ओळींचा आकडा जुळला तर कमिट, नाहीतर रोलबॅक. आधीची किंमत वेगळ्या टेबलात जतन करा. बदलाला लेखी मागणी हवी, आणि करणारा एक, मंजूर करणारा दुसरा. लहान बँकेत माणसं कमी असतात म्हणून हा दुसरा माणूस वगळतात. वगळू देऊ नका. शाखा चालू असताना पूर्ण टेबल वाचणारा रिपोर्ट लावू नका, काउंटरसमोर रांग थांबते आणि शिव्या शाखेला बसतात.

डेटा पेनड्राइव्हवर घरी न्यायचा नाही, सरावासाठीसुद्धा नाही. बेळगाव लहान आहे. थकबाकीदारांत तुमच्या मामाचा शेजारी निघतो, तुमच्या सरांचा भाऊ निघतो. बघितलं ते विसरायचं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्याने ते बंधनही केलं आहे, पण कायदा नसता तरी गावात राहायचं असतंच.

पायरी ८: वर्षभराचं चक्र

तिमाहीअखेर आणि ३१ मार्च सोडले तर कामाचा एक ठेका असतो. क्रेडिट ब्युरोंना माहिती पूर्वी महिन्याला जायची, १ जानेवारी २०२५ पासून ती पंधरवड्याला द्यायची झाली. त्यामुळे नाकारलेल्या ओळी दुरुस्त करायला वेळ निम्म्यावर आला. कर्ज फिटूनही सिबिलवर थकबाकी दिसते अशी तक्रार घेऊन कुणी आलं, तर बहुतेकदा खातं बंद झाल्याची तारीख फाइलमध्ये गेलेलीच नसते.

एक रिपोर्ट कुणी मागितला नाही तरी बनवून ठेवा: पूर्ण फिटलेली पण कागदपत्रं परत न दिलेली कर्जं. १ डिसेंबर २०२३ पासून नियम आहे की कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत घराची, जमिनीची मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि बोजा उतरवायचा; बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. पंचविसाव्या दिवशी शाखेला आपोआप मेल जाईल अशी सोय करून द्या. नोकरीत कायम व्हायला याचा जितका उपयोग होतो, तितका सुंदर कोडचा होत नाही.

मार्चअखेरीचं आधीच ठरवा. बॅच जानेवारीपासून टेस्ट सर्व्हरवर चालवून बघा, बॅकअप नुसता घेऊ नका, परत चढवून बघा. त्या रात्री घरी जाता येणार नाही असं घरी सांगून ठेवा.

मुलाखतीला जाण्याआधी

घरच्या लॅपटॉपवर पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल बसवा, दोन्ही फुकट आहेत. पाच टेबलं करा: कर्जदार, कर्ज, हप्ते, वसुली, तारण. काल्पनिक पन्नास कर्जदार भरा, त्यात पाच मारुती पाटील मुद्दाम घाला. काहींचे हप्ते अर्धवट भरा, काहींचे उशिरा. मग तीन क्वेरी लिहा. दिलेल्या कुठल्याही तारखेला प्रत्येक कर्जदार किती दिवस थकला आहे. त्या दिवशी तो एसएमएच्या कुठल्या पायरीवर किंवा एनपीएत आहे. आणि त्याचं एकूण क्षेत्र एकर-गुंठ्यात किती. ‘आजची तारीख’ क्वेरीत लिहायची नाही, ती बाहेरून द्यायची, कारण बँकेत निम्मे रिपोर्ट मागच्या एखाद्या तारखेचेच मागतात.

या तीन क्वेरींचा प्रिंट घेऊन जा. समोर आयटीचे साहेब असतील तर ते जॉइन बघतील. कर्ज विभागाच्या मॅडम असतील तर त्या विचारतील, एक ऑक्टोबरचा हप्ता थकला तर एनपीए कधी.